सूर किती जागेत मावतो?



मागच्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साला काय झाले ते आमच्या बेळगावच्या पॅरिशमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो. प्रवेशगीताच्या दुसऱ्या कडव्यात ऑर्गन अडखळला, एक सूर मध्येच तुटला, स्पीकरमधून तडतड ऐकू आली आणि मग काहीच नाही. क्वायरमधल्या बायकांनी सूर सोडला नाही म्हणून गीत पुरे झाले. मिस्सा संपल्यावर अंगणात केक वाटताना जो तो मलाच विचारत होता, "काय रे, झालं काय?" वायरी, माइक आणि संगणक हे खाते माझ्याकडे, तेव्हा उत्तरही माझ्याकडेच.

उत्तर साधे आहे आणि चूक माझी आहे. त्या रात्री वाजत होता तो ऑर्गन नव्हताच. देणगीत आलेला चार जीबी मेमरीचा जुना लॅपटॉप, त्याला जोडलेला कीबोर्ड, आणि लॅपटॉपच्या पोटात युरोपातल्या एका मोठ्या ऑर्गनचे रेकॉर्ड केलेले सूर. त्या सुरांच्या फाइली अकरा जीबीच्या. घरी मोजकेच स्टॉप घेऊन वाजवले तेव्हा सगळे छान चालले. नाताळ म्हणून मी हौसेने आणखी स्टॉप भरले. मेमरी संपली, लॅपटॉप हार्ड डिस्कवर धडपडू लागला आणि त्याने मान टाकली.

दुसऱ्या दिवशी फादर एवढेच म्हणाले, "इतकं मोठं लागतंच कशाला? सूर तर तोच ना?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. आणि नेमके त्याच आठवड्यात हा प्रश्न आमच्या घरचा झाला. सॅक्रिस्टीच्या कोपऱ्यात आमची जुनी पायपेटी आहे. आमच्या आजोबांच्या पिढीची गाणी तिच्यावर झाली. तिचा भाता फाटत आला आहे. दुरुस्तीला येणारे काका या वेळी ठिगळ लावून गेले आणि म्हणाले, "आता पुढचं वर्ष धरू नका. माझ्याच्यानं होत नाही, आणि तसं कातडंही मिळत नाही." मग असे ठरले की पेटी वाजते आहे तोवर तिचा एकेक सूर रेकॉर्ड करून ठेवायचा, म्हणजे क्वायरला सरावाला तो फोनवर किंवा त्याच लॅपटॉपवर वाजवता येईल. आता सांगा, काय ठेवायचे आणि काय टाकायचे?

हा प्रश्न आमच्या आधी पुष्कळांना पडला होता. त्यांची गोष्ट आज सांगतो. ती सुरू होते एका घंटेपासून.

१९४८ साली पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओवर पिएर शेफेर नावाचे एक अभियंता आवाजांचे प्रयोग करत होते. टेप त्यांच्या हाती अजून आलेली नव्हती, सगळे काम तबकडीवर. त्यांनी घंटेचा नाद रेकॉर्ड केला, पण टोल पडतो तो क्षण वगळून. ठोका पडून गेल्यावर मग आवाज आत घेतला. ऐकले तर घंटा कुठे गेली कळेना. उरलेला नाद एखाद्या फुंकून वाजवायच्या वाद्यासारखा, ओबोसारखा लागला. धातू तोच, नाद तोच. पहिला क्षण गेला आणि घंटा ओळखू येईना.

त्यांचा दुसरा प्रयोगही तबकडीचाच. तबकडीवरची खाच आत आत जात असते. शेफेर यांनी ती एका जागी वर्तुळात बंद केली. आपल्याकडे जुन्या तबकडीला ओरखडा पडला की सुई अडकून तोच तोच शब्द म्हणत राहते, तसे. फक्त इथे मुद्दाम. एक छोटासा आवाज न संपता फिरत राहिला. आज संगणकावर काम करणारी मुले ज्याला लूप म्हणतात तो हाच.

वाद्याची ओळख पहिल्या क्षणात असते, आणि मधला भाग गोल फिरवता येतो. पुढच्या पन्नास वर्षांत ज्यांनी ज्यांनी कमी जागेत वाद्य बसवले, त्यांनी या दोन गोष्टींवरच बसवले. घंटेची गोष्ट मला स्वतःला फार लागली, कारण आमच्या मनोऱ्यातल्या घंटेचा टोल मी लहानपणापासून ऐकतो आणि तो मला नादामुळे ओळखू येतो असेच मी समजत होतो. त्याच्याही आधी, १९२६ साली, जर्मनीत कार्ल श्टुम्फ यांनी वाद्यांच्या स्वरांची सुरुवात कापून लोकांना ऐकवल्याची नोंद केली होती. कसलेले कानही फसले.

आता वाद्यांकडे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात हॅरी चेंबरलिन यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस एक विलक्षण पेटी बांधली. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, आणि त्या तुकड्यावर खऱ्या वाद्याचा तो एक सूर. पट्टी दाबली की टेप फिरते. त्यांचा एक विक्रेता अशी दोन यंत्रे घेऊन इंग्लंडला गेला आणि तिथे बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंना ती त्याने दाखवली. त्यातून १९६३ साली मेलोट्रॉन निघाला. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'ची सुरुवात ज्या बासऱ्यांनी होते, त्या या मेलोट्रॉनच्या.

त्याच्या १९७० सालच्या एम ४०० या प्रकारात ३५ पट्ट्या होत्या आणि प्रत्येक टेप सुमारे आठ सेकंदांची. आठ सेकंद झाली की सूर संपला. बोट उचलायचे, स्प्रिंग टेप मागे ओढून घेणार, मग पुन्हा. टेपचे गोल वेटोळे करून सूर हवा तितका लांबवणे काही अवघड नव्हते. पण वेटोळे केले तर पट्टी दाबताना टेप कुठेही असेल, आणि सुराची सुरुवात हातची जाईल. त्या लोकांनी लांबी सोडली आणि सुरुवात राखली. माझ्या मते त्यांचे बरोबर होते, जरी आमच्या क्वायरच्या शेवटच्या आमेनला आठ सेकंद पुरणार नाहीत.

हिशोब करून पाहा. ३५ पट्ट्या, आठ सेकंद, टेपवर तीन पट्टे, म्हणजे तीन वाद्ये. सगळे मिळून अवघी चौदा मिनिटे आवाज, आणि ते उचलायला दोन माणसे.

संगणकाच्या मेमरीत साठवलेला सूर बाजारात आला तो मात्र रॉक बँडसाठी नव्हे, चर्चसाठी. हे मला वाचून आश्चर्य वाटले होते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियाच्या ॲलन ऑर्गन कंपनीने १९७१ साली डिजिटल ऑर्गन विकायला काढला. आतले तंत्र नॉर्थ अमेरिकन रॉकवेल या, अवकाशयानांचे काम करणाऱ्या कंपनीकडून आलेले. पाइप ऑर्गन बांधणे म्हणजे एक दुसरी इमारत बांधणे. ते सामान्य पॅरिशला कधीच परवडणारे नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३मध्ये उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि योग्य असतील ती इतर वाद्येही चालतील असे म्हटले, हे खरे. पण मान दिल्याने पैसे येत नाहीत. इलेक्ट्रिकवर चालणारे हॅमंड ऑर्गन १९३५ पासून चर्चमध्ये जात होतेच. ॲलनने सांगितले, आमचा सूर पाइपवरून घेतलेला आहे.

पण किती घेतलेला? तेव्हा मेमरी सोन्याच्या भावाची. म्हणून त्यांनी पाइपच्या नादाचे एकच आवर्तन घेतले. मधल्या सप्तकातला 'ए' हा सूर सेकंदाला ४४० वेळा कंप पावतो. त्यातला एक कंप, म्हणजे सेकंदाचा चारशे चाळिसावा भाग, एवढाच साठवायचा आणि तोच फिरवत राहायचा. शेफेर यांची बंद खाच, शक्य तितकी लहान केलेली. आवाज इतक्या थोड्या आकड्यांत मावत होता की जादा आवाज भोके पाडलेल्या कार्डांवर मिळायचे. ऑर्गनच्या अंगावरच्या फटीत कार्ड घातले की नवा स्टॉप तयार. आज आपण जीबी मोजतो. तेव्हा एक अख्खा स्टॉप पुठ्ठ्याच्या एका तुकड्यात येत होता.

मी अशा पद्धतीचा सूर ऐकला आहे. तो स्वच्छ आहे, भरीव आहे, सुरात आहे. पण विजेच्या दिव्यासारखा: बटण दाबले की लागला, सोडले की विझला. पाइपमध्ये वारा शिरताना जो किंचित 'फ्स' असा आवाज होतो तो नाही, आणि सूर सोडल्यावर छतापर्यंत जाऊन परत येतो ती शेपूट नाही. त्यावर नाक मुरडणारे तेव्हाही होते. तरी ज्या पॅरिशमध्ये त्याआधी काहीच नव्हते तिथे लोक त्याच्यासोबत गायले. मी त्यांना नावे ठेवणार नाही.

मग आले ऑस्ट्रेलियातले दोन तरुण, पीटर व्होगेल आणि किम रायरी. त्यांना खरे तर गणिताने आवाज घडवायचा होता. ते जमेना, तेव्हा व्होगेल यांनी रेडिओवर चाललेल्या पियानोचा सेकंदभराचा तुकडा पकडला आणि तोच वेगवेगळ्या उंचीवर वाजवून पाहिला. महिनोन्‌महिने घडवलेल्या आवाजापेक्षा तो अधिक पियानोसारखा लागला. १९७९ साली त्यांचा फेअरलाइट सीएमआय हा संगणक बाजारात आला. वाजवायच्या अशा तुकड्याला सॅम्पल म्हणण्याची रीत त्या काळातलीच. आठ सूर एका वेळी, आणि दर सुराला मेमरी सोळा केबी. एमबी नव्हे, केबी. उत्तम प्रतीचे रेकॉर्डिंग केले तर पाऊण सेकंदही भरत नसे. जास्त वेळ हवा असेल तर प्रत उतरवा. दर्जा आणि आकार यांची ओढाताण इथे पहिल्यांदा इतकी उघडी दिसते. १९८१ सालच्या इ-मूच्या इम्युलेटरमध्ये १२८ केबी होते, म्हणजे सगळे मिळून चार-पाच सेकंद. सूर फिरवत ठेवण्याची सोय त्यात होती, आणि त्या सोयीशिवाय त्याला कोणी हात लावला नसता.

यात एक अडचण अशी की एक सॅम्पल किती पट्ट्यांना पुरवायचे? एक अर्धसूर वर नेला की सॅम्पल सुमारे सहा टक्के वेगाने पळते. एक-दोन पट्ट्या कोणाच्या लक्षात येत नाही. तीन पट्ट्यांत १९ टक्के होतात. त्यापुढे बासरी चिमणी होते, गाणारा माणूस कार्टूनमधला उंदीर होतो, कारण सुराबरोबर वाद्याची कायाही लहान-मोठी होते. जागा वाचवायची म्हणून एकच सॅम्पल सबंध सप्तकावर ताणलेले वाद्य पहिल्या ओळीतच कळते. लग्नाच्या बँडमधल्या जुन्या कीबोर्डवर आपण सगळ्यांनी ते ऐकले आहे.

पियानो सगळ्यांत कठीण. तो हळू वाजवला तर फक्त आवाज कमी होत नाही, रंगच बदलतो. १९८२ साली गायक स्टीव्ही वंडर यांनी शास्त्रज्ञ रे कुर्झवाइल यांच्याजवळ बोलून दाखवले की संगणकाची सोय आणि खऱ्या वाद्याचा आवाज एकत्र का मिळू नये. वंडर अंध आहेत, आणि अंधांना छापील मजकूर वाचून दाखवणारे यंत्र कुर्झवाइल यांनीच केले होते, ओळख त्यातून. दोन वर्षांनी, १९८४ साली, कुर्झवाइल २५० हे वाद्य आले आणि त्याच्या पियानोने लोकांचे कान टवकारले.

इथे मी थोडा थांबतो, कारण माझ्या लेखी या इतिहासातली सगळ्यांत शहाणी काटकसर १९८७ सालची आहे. जपानच्या रोलँड कंपनीचा डी-५०. मेमरी तेव्हाही महागच. त्यांनी खऱ्या वाद्यांच्या सुरांची फक्त सुरुवात सॅम्पल म्हणून साठवली: बासरीची फुंक, हातोडीचा ठोका, तारेची छेड. पुढचा लांब सूर यंत्राने स्वतः तयार करायचा आणि सुरुवातीला जोडायचा. शेफेर यांनी घंटेचा टोल काढून टाकला होता. यांनी टोल तेवढा ठेवला. कान पहिल्या क्षणी 'ही बासरी' असा निर्णय देऊन मोकळा होतो आणि मग पुढे फारशी चौकशी करत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी फाइल छोटी केली ती माणूस कसा ऐकतो हे पाहून. नुसते कुठेतरी कापण्यापेक्षा हे फार निराळे आहे.

१९९१ साली जनरल मिडी नावाने १२८ वाद्यांची यादी ठरली. कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड घ्या, विसाव्या क्रमांकाला चर्च ऑर्गन आणि एकविसाव्याला रीड ऑर्गन, म्हणजे आपल्या पायपेटीची बहीण. १९९४ सालच्या साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई ३२ या संगणकाच्या कार्डात ही सगळी १२८ वाद्ये आणि वर ढोल-ताशे मिळून एका एमबीत कोंबलेली होती. वाटणीला प्रत्येकी आठ केबीही येत नाहीत! तो एकविसावा आवाज मी आमच्या क्वायरच्या एका मावशींना ऐकवला. त्या म्हणाल्या, "मोबाइलची रिंग आहे का?" त्याच कार्डाबरोबर साउंडफॉन्ट नावाची फाइल आली, जीत कोणीही स्वतःचे सॅम्पल भरू शके. घरबसल्या वाद्य बनवण्याची वाट सामान्य माणसाला तिथून मिळाली, म्हणून त्या रिंगला मी क्षमा करतो.

चाळीस-पन्नास वर्षे सगळे कापत आले होते. १९९८ साली वारे फिरले. अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या नेमेसिस कंपनीने गिगासॅम्पलर काढला. त्यांची युक्ती अशी: प्रत्येक सुराची सुरुवात तेवढी मेमरीत ठेवायची, बाकीचा सूर हार्ड डिस्कवर. पट्टी दाबली की मेमरीतला तुकडा तत्काळ वाजतो, आणि तो वाजून संपेपर्यंत डिस्कवरून पुढचा भाग येऊन पोहोचतो. पाहुण्यांना आधी पाणी द्यायचे आणि तोवर आत चहा उकळायचा, तसे. त्यांच्याबरोबर आलेला पियानो एक जीबीच्या घरातला होता, आणि तेव्हाच्या घरगुती संगणकात मेमरी असायची ३२ किंवा ६४ एमबी. लूपची गरज संपली. तार खरी जितका वेळ घुमते तितका वेळ घुमू द्या. २००२ साली व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररी आली, तिच्यामागे हर्ब टुकमांडल नावाचे एक चेलोवादक. मग बांध फुटलाच.

बांध कसा फुटतो ते आकड्यांत दाखवतो, म्हणजे माझ्या अकरा जीबींचे मूळ कळेल. सीडीच्या प्रतीचा स्टिरिओ आवाज सेकंदाला १,७६,४०० बाइट खातो, मिनिटाला दहा एमबीच्या वर. पियानोच्या ८८ पट्ट्या, प्रत्येक पट्टी हळू ते जोरात अशा १६ पायऱ्यांनी, प्रत्येक सूर २० सेकंद. झाले जवळपास पाच जीबी. आता प्रत्येक पट्टीऐवजी दर तिसरी पट्टी घ्या: तीस सूर, १.७ जीबी. सोळाच्या जागी चार पायऱ्या ठेवा: सव्वाचारशे एमबीच्या आत. पाचाचे अर्ध्यावर आले, आणि रविवारच्या मिस्साला बसलेल्यांपैकी बहुतेकांना फरक कळणार नाही. अलेक्झांडर होल्म यांनी फुकट वाटलेला सॅलमँडर नावाचा पियानो याच विचाराने केलेला आहे: पट्ट्या दर तिसऱ्या, पण पायऱ्या पूर्ण सोळा. त्यांनी पट्ट्यांमध्ये वाचवले, स्पर्शात वाचवले नाही. पियानोसाठी ते योग्यच.

ऑर्गनचा हिशोब मात्र उलटा आहे, आणि हे मला नाताळच्या आधी कळायला हवे होते. ऑर्गनची पट्टी हळू दाबा की जोरात, पाइपला काही फरक पडत नाही. म्हणजे सोळा पायऱ्या नकोतच. सूर स्थिर असतो, म्हणून मधला भाग सुखाने फिरवता येतो. पण प्रत्येक पाइप हाताने केलेला, शेजारच्यापेक्षा वेगळा, तेव्हा दर तिसरी पट्टी घेऊन चालत नाही. आणि सगळ्यांत मोठा खर्च शेवटाचा: पट्टी सोडल्यावर मोठ्या चर्चमध्ये सूर चार, सहा, आठ सेकंद घुमत राहतो. इंग्लंडमध्ये मार्टिन डाइड यांनी २०००च्या दशकाच्या सुरुवातीला हाउप्टवेर्क ही प्रणाली केली, ती नेमकी या शेवटाला धरून. पाइप थोडाच वेळ वाजला असेल तर इमारत पुरती भरलेली नसते, घुमणे वेगळे; बराच वेळ वाजला तर वेगळे. म्हणून एकाच पाइपचे दोन-तीन निरनिराळे शेवट साठवतात. प्रागच्या सोनुस पाराडिसीने मध्य युरोपातले कितीतरी जुने ऑर्गन असे पाइप-पाइप करून टिपले आहेत. हाउप्टवेर्कसोबत येणारा ऑर्गन बर्मिंगहॅमच्या मोझली भागातल्या सेंट ॲन चर्चचा, १९०७ सालचा. मेलोट्रॉन त्याच शहरातला, हे लिहिताना लक्षात आले.

हाउप्टवेर्कमध्ये प्रत्येक स्टॉप भरताना विचारले जाते: १४, १६, २० की २४ बिट? स्टिरिओ की मोनो? लूप एक की अनेक? शेवट पूर्ण की छाटलेला? मी सगळीकडे सगळ्यांत मोठे ते निवडले होते. सोळा बिट निवडले असते तर आमच्या स्पीकरवर कोणाला कळले नसते. तिथे एक गोम मात्र आहे: दहा सूर एकदम वाजले की दहांची खरखरही एकत्र होते, म्हणून रेकॉर्ड करताना २४ बिटच बरे. नंतर साफ करून १६ वर आणता येते. आणि घुमण्याचे म्हणाल, तर ते प्रत्येक सुरात साठवण्याऐवजी इमारतीचे प्रतिध्वनी एकदाच मोजून सगळ्या सुरांना लावता येतात. पॅरिसच्या नोत्र दामचे असे मोजमाप २०१३ साली झाले होते. २०१९च्या आगीनंतर डागडुजी करणाऱ्यांना जुन्या चर्चचा आवाज कसा होता हे सांगायला ते आकडे हाताशी होते. आमच्यासारख्यांच्या बाबतीत तर आणखी सोपे: आमचे चर्च स्वतःच घुमते. परदेशातल्या कॅथेड्रलची घुम आमच्या घुमीवर चढवून मी मेमरी भरत होतो. फादरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे.

एमपीथ्रीने का नाही करत, असे एका तरुणाने विचारले. गाणे ऐकायला एमपीथ्री ठीक. पण ती फाइल सुरुवातीला किंचित रिकामी जागा घालते. पट्टी दाबल्यावर सूर उशिरा येतो आणि लूपच्या सांध्यावर टिचकी वाजते. म्हणून या कामात काहीही न गमावता दाबणारे फ्लॅकसारखे प्रकार वापरतात. गमावून दाबायचेच असेल तर ऑग. म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या प्रणालीने साउंडफॉन्ट ऑगने दाबून, मोनो करून एक मोठी फाइल तिच्या लहानशा अंशात बसवली आहे, आणि सरावाला ती पुरते. सगळ्यांत टोकाला फ्रान्समधला पियानोटेक, २००६ सालचा. त्यात रेकॉर्डिंग मुळीच नाही, तार आणि हातोडी यांचे गणित, आणि आकार काही एमबी. मोठी विद्या आहे. पण आमच्या पेटीचे गणित कोण मांडणार?

आता पेटी. तिला ६१ पट्ट्या आहेत आणि आत सुरांच्या दोन ओळी, म्हणजे १२२ पितळी सूर. बाकीच्या खुंट्या फक्त झडपा कमी-जास्त उघडतात, त्या वेगळ्या रेकॉर्ड करायला नकोत. प्रत्येक सूर पंधरा सेकंद, स्टिरिओ, २४ बिट असा सगळाच्या सगळा ठेवला तर सव्वापाचशे एमबी होतात. ती मूळ प्रत आम्ही ठेवतोच आहोत, दोन हार्ड डिस्कवर, एक फादरांच्या कपाटात आणि एक माझ्या घरी. वाजवायच्या प्रतीत मात्र चार सेकंदांचा सूर, त्यात लूप, आणि दोन सेकंदांचा शेवट. मोनो, सोळा बिट. ७० एमबी झाले. दर तिसरी पट्टी घेतली असती तर २४ एमबीवर काम झाले असते आणि फोनवर पाठवायला सोपे गेले असते. गायकवृंदातल्या मुलांचे मत तेच होते. पण आमच्या पेटीचा मधला 'सा' किंचित थरथरतो, आणि वरचा एक पंचम अर्धा क्षण उशिरा बोलतो. दर तिसऱ्या पट्टीच्या हिशोबात एक तर हे दोष गळून पडले असते, नाहीतर शेजारच्या निरपराध पट्ट्यांना लागले असते. तेव्हा १२२ च्या १२२.

एका गोष्टीवर मात्र खरोखर वाद झाला. भात्याचा आवाज. पायाने दाबताना 'हूं-फस्स' होते, पायटा कुरकुरतो. रेकॉर्डिंग साफ करून देणारा मुलगा हुशार आहे. त्याने एक सूर इतका निर्मळ करून दिला की मी पाहत राहिलो. मग आम्ही भात्याचा आवाज वेगळा टिपला, पाच-पाच सेकंदांचे दहा तुकडे, सगळे मिळून पाच एमबी, आणि सुरांखाली हलका सोडला. दोन्ही प्रती मी त्याच मावशींच्या घरी घेऊन गेलो. त्या ऐंशी पार आहेत, लहानपणापासून याच पेटीमागे गायल्या आहेत. पहिली प्रत ऐकून म्हणाल्या, "छान आहे. कुठली पेटी?" दुसरी लावली तेव्हा स्वयंपाकघरातून त्यांची सून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, चर्चची पेटी इथं कशी?"

तर एकूण ७५ एमबी. जुन्या लॅपटॉपवर काही क्षणांत उघडते. अजून वरच्या सप्तकातल्या नऊ पट्ट्या राहिल्या आहेत. शनिवारी रात्री दहानंतर, रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या की बसणार आहोत. ज्यांना पेटी दाबायला यायचे असेल त्यांनी मोजे घालून यावे. मागच्या खेपेला चपलेचा आवाज तीन सुरांत आला आहे.